सासूचं देवभात

ऋषिपंचमी आली की माझं टाळकं सरकतं. शेजारच्या बाया आघाड्याच्या काड्या घेऊन अंघोळीला निघाल्या की मी दार लोटून घेते. कुणी विचारलंच, "काय हो, तुम्ही पंचमी नाही धरत?" तर सांगते, "मी त्या दिवशी पोटभर भात खाते. बैलानं नांगरलेल्या रानातला." बाया तोंडाला पदर लावतात. म्हातारीला चळ लागलाय, असं पाठीमागं म्हणतही असतील. म्हणेनात का. माझं तोंड पहिल्यापासून फाटकं. त्याच तोंडानं मी एकदा खळ्यावर सासूला एक वाक्य बोलले होते. ते सांगायचं तर देवभातापासून सुरुवात करावी लागेल.

माझं मूळ मिरजगावाकडचं. वडील धरणाच्या कामावर मजुरीला म्हणून नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगरात आले आणि तिथंच राहिले, म्हणून माझी सोयरीक त्या भागात जमली. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती तेव्हा. घरात माणसं तीनच: सासू, घरधनी आणि मी. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घराच्या खालच्या अंगाला भाताची तीन खाचरं, एकाखाली एक, आणि वर उतारावर नागलीचा, म्हणजे नाचणीचा, एक तुकडा. बस्स. तेवढ्यावर वर्ष काढायचं.

आमच्या गावाकडं ज्वारी, बाजरी. त्यात गवत माजलं तर कोळपं घालायचं, राहिलेलं खुरप्यानं काढायचं. गवत गवतासारखं दिसायचं आणि ज्वारी ज्वारीसारखी. इथं भाताची सगळी तऱ्हाच वेगळी. उन्हाळ्यात जमिनीच्या एका तुकड्यावर पाला, काटक्या, शेण पसरून पेटवायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. त्या आगीत मातीतलं गवताचं बी जळून जातं. पावसाच्या तोंडावर त्या राखेत भात पेरायचं, आणि रोपं वीतभर झाली की ती उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची, ती आवणी. पहिल्या वर्षी मला हा सगळा उलटा धंदा वाटला. एकदा पेरायचं, परत उपटायचं, परत लावायचं! मी तसं बोलूनही दाखवलं.

सासू हसली. "येडी का काय तू? भाताला म्हैनाभर म्होरं काढायचं असतं. मागनं गवत उगवलं तरी भात त्याच्या डोक्यावर उभं ऱ्हातं. दोघांला एकदम सोडलं तर गवतच जितंल."

शिकवायला बाई चांगली होती, हे मी कबूल करते. राब कसा भाजायचा, रोप कुठं धरून उपटायचं, पावसासाठी इरलं डोक्यावर घेऊन दिवसभर वाकून कसं राहायचं, सगळं तिनं शिकवलं. माझ्यावर हात कधी उगारला नाही. पण एका गोष्टीत ती जराही ऐकायची नाही, ती म्हणजे देवभात.

पहिल्या खाचराच्या वर एक ओहोळ होता. त्याच्या डबक्यात ते उगवायचं, कुणी न पेरलेलं. दिसायला हुबेहूब आपलं भात. पण लोंबी आली की त्याला लांब तांबडी कुसळं फुटतात, आतला दाणाही तांबडा, आणि पिकला की हात लागायच्या आत गळून पडतो. ऋषिपंचमीला बायांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून त्या दिवशी हे चालतं. दाणा गळायच्या आधी सासू मांडीएवढ्या पाण्यात उतरायची, दहाबारा लोंब्या एकत्र धरायची आणि त्यांची गाठ मारायची. गाठीत दाणे अडकून राहतात. पिकल्यावर त्या गाठी कापून आणायच्या, झोडून गाडग्यात भरायच्या आणि ते गाडगं माळ्यावर ठेवायचं, पुढच्या पंचमीसाठी. त्या गाडग्याला मलाही हात लावू द्यायची नाही.

याला कारण होतं. माझ्या घरधन्याच्या आधी तिची तीन लेकरं गेली होती. तिन्ही वर्षाच्या आत. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की तू विटाळशी असताना आवणीच्या चिखलात उतरलीस, त्याचं हे फळ, आता पंचमी धर आणि मोडू नको. तिनं धरली. चौथं लेकरू जगलं. त्यानंतर कुणी काहीही सांगितलं असतं तरी तिला पटणार नव्हतं. तिच्या दृष्टीनं माझा नवरा त्या ओहोळातल्या झुडपाच्या जिवावर जगला होता.

मी आले त्या वर्षी वरच्या खाचरात तांबड्या कुसळांच्या चारदोन लोंब्या दिसल्या. दुसऱ्या वर्षी बांधाच्या कडेनं पट्टाच दिसला. ओहोळाचं पाणी बांध फोडून खाचरात यायचं आणि त्याच्याबरोबर गळलेलं बी तरंगत यायचं. मला हे कळायला शहाणपण लागलं नाही, डोळे पुरले. बेणणी, म्हणजे निंदणी, करताना मी त्यातलं एक उपटायला गेले तर ते देवभात की आपलं, हेच कळेना. पानं तशीच, उंची तशीच, कांड्याही तशाच. फुलोरा येईपर्यंत वेगळं ओळखायचं नाही आणि फुलोरा आल्यावर उपटायला उशीर झालेला असतो.

मी सासूला म्हटलं, "आत्याबाई, वरचं डबकं साफ करू. न्हाईतर हे खाचर खाऊन टाकील."

"हात लावू नगंस," ती म्हणाली. "देवाचं हाय ते."

"देवाचं तर देवानं डबक्यात ठेवावं की. आपल्या भातात कशाला?"

ती हळूच म्हणाली, "तुझ्या पोटात लेकरू हाय. आसं बोलू नगं." मला तेव्हा पाचवा महिना होता. घरधन्याकडं बघितलं तर तो दाव्याला पीळ घालत बसलेला. आई आणि बायको यांच्यामध्ये त्यानं कधी ब्र काढला नाही. मीही त्या दिवशी गप्प बसले, पण पोटात राग धरला.

माघात लेक झाली. सासूनं तिला पहिल्यांदा हातात घेतलं. मुलगी झाली म्हणून नाक मुरडणाऱ्या बाया मी पुष्कळ बघितल्या, पण ही त्यातली नव्हती. "जगू दे," एवढंच म्हणाली.

आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला.

ज्येष्ठात दोन दिवस पडला, राब पेरून झाले, रोपं हिरवीगार उगवली आणि आभाळ कोरडं झालं. आषाढ निम्मा सरला तरी थेंब नाही. रोपं पिवळी पडली, मग शेंड्याकडून करपली. आम्ही ओहोळातल्या डबक्याचं पाणी मडक्यांनी वाहून घातलं, पण ते कुठवर पुरणार? श्रावण लागायला पाऊस आला तेव्हा राबात लावण्याजोगं रोप उरलं नव्हतं. परत राब करायला वेळ नव्हता. मग शेवटचा इलाज म्हणून घरातलं उरलेलं बी भिजवून, मोड आणून, सरळ चिखलात फेकायचं ठरलं.

तेही बी कमी पडत होतं. सासूनं कोपऱ्यातली एक बांधलेली पाटी काढली. गेल्या साली वरच्या खाचरातलं जे खाली सांडलेलं होतं, ते तिनं खळ्यावरून झाडून ठेवलं होतं. मी पाटीत हात घातला. तांबडी कुसळं बोटांना टोचली.

"आत्याबाई, ह्यात ते हाय."

"थोडंसं आसंल. बी न्हाई तर काय माती फेकायची?"

घरधनी म्हणाला, "टाका." मीही म्हटलं, टाका. हे मी लपवत नाही. त्या दिवशी तिघांचाही हात त्या पाटीत होता. पुढं मात्र सगळं खापर मी तिच्या एकटीच्या माथी फोडलं.

म्हणजे महिनाभराची जी आघाडी भाताला द्यायची असते, ती त्या साली मिळालीच नाही. दोघं एकदम सुटले. पाणीही धड साठेना. पाणी उभं असलं की निम्मं गवत बुडून मरतं, पण त्या साली चार दिवस पाऊस आणि आठ दिवस ऊन असं चाललेलं. खाचरातली माती भेगाळायची आणि प्रत्येक भेगेतून काहीतरी वर यायचं. लेकीला बांधावर इरल्याखाली ठेवून मी बेणणी करायची. आपलं कोणतं, त्याचं कोणतं, काही कळत नव्हतं. मी अंदाजानं उपटत होते. मागून कळलं की मी कितीतरी आपलंच भात उपटून बांधावर फेकलं होतं आणि त्याला जागा करून दिली होती.

भाद्रपदात मला हिवतापानं गाठलं. पंधरा दिवस अंथरुणात होते. उठले तेव्हा अंगावरचं दूध गेलेलं. लेक सात महिन्यांची. नागलीची पेज पाजली तर तिला जुलाब व्हायचे आणि डोळे खोल जायचे. तांदळाची पातळ पेज मात्र टिकायची. शेळी नव्हती, गाय आटलेली. अकोल्याच्या बाजारात लढाईमुळं तांदूळ बघायला मिळत नव्हता. म्हणजे काय, तर लेक जगायची असेल तर ती खाचरातल्या भातावर. दुसरं काहीच नव्हतं.

आणि ते भात मी आश्विनात बघितलं. वरच्या खाचरात आमच्या भाताच्या वर हातभर तांबडी कुसळं डुलत होती. खालची दोन खाचरंही निम्मी तांबडी. नुसती आत चालत गेले तरी अंगाला घासून दाणे पायाशी चिखलात पडायचे. कापणीच्या दिवशी विळा लावला की गळ, पेंढी उचलली की गळ. खळ्यावर झोडलं तेव्हा जे निघालं ते घरधन्यानं दोनदा मापलं. एक कणगी, तीही तळाला लागलेली.

लेक माझ्या कडेवर रडत होती. भूक लागली होती तिला. सासू खळ्याच्या कडेला सुपात कुसळं पाखडत होती. माझ्या डोक्यात काय संचारलं कोण जाणे. मी सगळ्यांसमोर ओरडले, "झालं का तुमच्या देवाचं पोट भरून? माझ्या लेकीच्या तोंडचं खाल्लं त्यानं! तुमची तीन गेली, आता हिलाही धाडा. उद्या ती भुकेनं रडली तर तुमचा देव येनार हाय का पेज पाजायला?"

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. शेजारचे दोघं कापणीला आले होते, ते माना खाली घालून पेंढ्या बांधायला लागले. घरधन्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारून गप्प केलं. सासूनं सूप परत हलवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केरसुणी, खुरपं आणि सूप घेऊन मोकळ्या खाचरात गेली. माती वाळून भेगा पडल्या होत्या. ती उकिडवी बसून भेगांतलं झाडून काढत होती, माती पाखडत होती, गळलेला एकेक तांबडा दाणा गोळा करत होती. तिसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच. मी घरधन्याला म्हटलं, "बघा, अजून फिटली न्हाई हौस. पंचमीचं गाडगं भरतीय."

मग तिनं आमच्या पंगतीला बसणं सोडलं. भाकरी पुढं केली तर म्हणायची, "माझी पंचमी हाय."

"मार्गशीर्षात कसली पंचमी?"

"माझी रोजच हाय आता."

रानातून कडू कंद खणून आणायची, दिवसभर वाहत्या पाण्यात ठेवायची, उकडायची, परत पाणी टाकून उकडायची आणि ते खायची. कधी नुसता पाला. मला वाटलं, खळ्यावरचं बोलणं लागलं, म्हणून त्रागा करतेय. करू दे. आणि खरं लिहायचं तर आणखी एक गोष्ट मनात आली, तीही लिहिते. एक तोंड कमी झालं, असं मला वाटलं. बरंच वाटलं.

घरधनी आणि मी जंगलात लाकूडतोडीच्या कामाला जायला लागलो. मजुरी म्हणून नागली मिळायची. लेक सासूजवळ. निघताना मी कणगीतून दोन मुठी साळी काढून तिच्या ओच्यात टाकायची. "हे कांडा आन पोरीला पेज करा." कणगीला मी स्वतः शेणानं लिंपून बंद करायची. एवढा माझा भरवसा! ती ओचा धरायची, मान हलवायची. संध्याकाळी आलो की लेक तिच्या मांडीवर खेळत असायची, ओठाला पेज वाळलेली.

एकदा दुपारीच परत आले तर ती लेकीला वाटीतून पेज पाजत होती. पेज तांबूस दिसली. मी विचारलं, "असा रंग कसा?"

"बुडाला लागली जरा," ती म्हणाली आणि वाटी पदराआड घेतली.

"नीट बघत जावा की. तांदूळ काय झाडाला लागतो का?" मी म्हटलं. तिनं पुन्हा मान हलवली.

लेक मात्र बाळसं धरत होती. माघात भिंतीला धरून उभी राहिली, फाल्गुनात पावलं टाकायला लागली. सासूच्या पायांवर तेव्हा सूज आली. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. चेहराही सुजला, म्हणून ती भरल्यासारखी दिसायची. मला वाटलं, खातेय कुठंतरी चोरून.

चैत्रात एका दुपारी लेकीला जोजवता जोजवता ती भिंतीला टेकली आणि तशीच राहिली. आम्ही कामावरून आलो तेव्हा लेक तिच्या मांडीवर झोपली होती. कोपऱ्यात वाटी होती, धुऊन पालथी घातलेली.

दिवस झाले. तेराव्यानंतर मी घर सारवायला काढलं. माळ्यावरचं गाडगं काढलं. म्हटलं, बघू तरी किती साठवलंय बाईनं. आता ते ओहोळात ओतून टाकायचं मी ठरवलं होतं. गाडगं हलकं लागलं. आत हात घातला तर एक दाणा नव्हता. पार तळापर्यंत पुसलेलं.

उखळामागचा केर ओढला तेव्हा कळलं. भिंतीच्या कडेला कुसळांचा आणि तांबड्या कोंड्याचा ढीग होता, गुडघ्याला लागेल एवढा. ती चार महिने देवभात कांडत होती. गळलेलं, भेगांतून झाडलेलं, आणि ते संपल्यावर व्रताच्या गाडग्यातलं, सगळं तिनं लेकीच्या पेजेत घातलं होतं. पेज करपलेली नव्हती.

मग मी रोज दिलेल्या दोन मुठी साळींचं काय झालं? मी घर पालथं घातलं. तिच्या अंथरुणाच्या वळकटीत तिच्याच जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं सापडलं. जड होतं. सोडलं तर आत साळी. आमच्या भाताच्या. मी सूप आणून सगळ्या उजेडात ओतल्या आणि एकेक दाणा बघितला. तांबडं कुसळ एकालाही नव्हतं. तिनं निवडून, वेचून, नुसतं चोख बी ठेवलं होतं. पेरायला घरात तेवढंच बी उरलं होतं, कारण आम्ही दोघांनी तर ठरवलं होतं की उरलेलं सगळं लेकीला घालायचं, बियाचं पुढचं पुढं. तिनं मला सांगितलं का नाही, हे मला विचारावं लागत नाही. सांगितलं असतं तर देवभाताची पेज मी लेकीच्या तोंडाला लागू दिली नसती, आणि बियाण्याच्या साळी त्याच दिवशी उखळात घातल्या असत्या.

घरधनी दारात उभा होता. गाठोडं बघून तो खाली बसला आणि मोठ्यानं रडला. मला रडू आलं नाही. मी लेकीला कडेवर घेऊन उखळाजवळ उभी होते आणि ती त्या ढिगाकडं हात करून हसत होती. त्या जागी ती खेळायची रोज.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. ते बी मी राबात पेरलं. आवणीच्या आधी ओहोळात उतरले आणि देवभाताचं एकेक झुडूप मुळासकट उपटून बांधावर वाळत टाकलं. घरधनी बघत होता, अडवलं नाही. खाचरात सांडलेलं बी पुढं चारपाच वर्षं उगवत राहिलं, आम्ही उपटत राहिलो. देव काही कोपला नाही. लेक जगली, तिला नातवंडं झाली.

पंचमीला मी भात शिजवते आणि पहिली वाटी पातळ पेजेची काढून सासूच्या नावानं बाजूला ठेवते. तिला काय वाटेल ते वाटो. खळ्यावर मी चारचौघांत विचारलं होतं, तुमचा देव येनार हाय का पेज पाजायला. त्यावर ती एक शब्द बोलली असती तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित पायही धरले असते. ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी केरसुणी घेऊन खाचरात गेली, आणि मी मागून हसले.